झाकण घट्ट, तरी डिझेलमध्ये पाणी

माजलगाव, गेवराईच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरसाठी काही शेतकरी पिंपात डिझेल साठवतात. झाकण घट्ट असले की ते वर्षानुवर्षे टिकते, असा समज आढळतो. पावसाचे पाणी झाकण अडवते, हे खरेच. पण पाणी आतही तयार होते.

अर्धवट पिंपातली दमट हवा रात्री निवते आणि बाष्पाचे थेंब होतात (संघनन). गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसेच. डिझेलहून जड असल्याने हे पाणी तळाशी बसते. दोन्हींच्या सीमेवर जिवाणू, बुरशी वाढतात आणि काळपट, बुळबुळीत साका धरतो. यानेही फिल्टर तुंबतो.

पिंप सावलीत आणि जवळजवळ भरलेले ठेवावे, तळचे पाणी अधूनमधून काढावे. जस्ताचा मुलामा असलेले भांडे टाळावे. जस्त डिझेलमध्ये उतरते. साठा वर्षाच्या आत संपवावा.