सहा-एक्केचाळीस की सात-एक्केचाळीस?

जळगावहून भुसावळकडे निघाल्यावर दहा-एक किलोमीटरवर नशिराबाद लागते. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, या गावाजवळून जातो. हजिऱ्याच्या बाजूने येऊन नागपूरकडे जाणारे लांब ट्रेलर, सिमेंटचे आणि राखेचे बल्कर, केळीचे ट्रक, भाजीपाल्याचे पिकअप आणि दोन गावांपुरतीच धाव असणारे ट्रॅक्टर-ट्रॉली अशी सगळी वाहने या एकाच रस्त्यावर दिसतात. बाहेरून पाहिले तर त्यांच्यातला फरक चाकांच्या संख्येचा आणि हौद्याच्या लांबीचा वाटतो. ओझे ओढण्याच्या दृष्टीने खरा फरक मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडालेल्या क्राउन आणि पिनियन या दोन गिअरच्या दातांत असतो. गाडी घेताना इंजिनाची ताकद, हौदा, टायर, हप्ता या सगळ्यांची चौकशी होते. क्राउनला किती दाते आणि पिनियनला किती, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ओझे ओढणाऱ्या गाडीसाठी तो प्रश्न आधी विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर रस्त्यातल्या सर्वांत वाईट शंभर मीटरवरून काढायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट पिनियन फिरवतो आणि पिनियन क्राउनला फिरवतो. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की ॲक्सलचे गुणोत्तर मिळते. आपल्याकडच्या मध्यम ट्रकांत ६/४१ आणि ७/४१ (आधी पिनियनचे दाते, मग क्राउनचे) या जोड्या परिचयाच्या आहेत. पहिलीत शाफ्टच्या ६.८३ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते, दुसरीत ५.८६ फेऱ्यांना. ४१ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता कालांतराने क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळ्या दातांवर वाटली जाते. जोडी घासून जुळवलेली असते, म्हणून एक गिअर खराब झाला तरी दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. या दोन जोड्यांत फरक पिनियनच्या एका दात्याचा, पण ओढ बदलते ती सातास सहा या प्रमाणात, म्हणजे जवळपास १७ टक्क्यांनी. अमेरिकेत पिकअपमागे जड ट्रेलर जोडणारा गिऱ्हाईक ३.५५ घ्यावे की ४.१० याचा विचार गाडी घेतानाच करतो, आणि तिथेही फरक साधारण १५ टक्क्यांचाच असतो. खानदेशात ट्रेलर ओढण्याचे काम मुख्यतः ट्रॅक्टरकडे आहे आणि पिकअपच्या पाठीवर माल असतो, पण हिशेब दोन्हीकडे सारखाच.

तो हिशेब नशिराबादच्या परिसरात मांडून पाहू. चांगल्या डांबरी रस्त्यावर एक टन ओझे चालते ठेवायला साधारण १० किलोची ओढ पुरते. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा चढ असेल तर टनामागे आणखी ५० किलो लागतात. महामार्गाचा सपाट भाग पाहून वाटते की चढाची चिंता अजिंठ्याच्या नाहीतर चाळीसगाव-कन्नडच्या घाटात जाणाऱ्यांनी करावी. चाळीसगावच्या औट्रम घाटात तर २०२३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहतूक बंदच झाली. पण केळी घाटात पिकत नाही. ती तापीकाठच्या काळ्या मातीत पिकते, आणि पावसानंतर ओल्या काळ्या मातीतून चाक काढायला टनामागे शंभर-दीडशे किलोंची ओढ सहज लागते. म्हणजे बागेतून सडकेपर्यंतची सपाट वाट हा चाकाच्या दृष्टीने शंभराला दहा-पंधरा मीटर चढणारा घाटच ठरतो. नकाशात तो दिसत नाही, एवढेच.

आता १८.५ टनांचा भरलेला दोन ॲक्सलचा ट्रक घ्या. उदाहरणापुरते इंजिनाचे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४० किलोग्रॅम-मीटर, पहिला गिअर सातपट, चाकाची त्रिज्या अर्धा मीटर आणि इंजिनापासून चाकापर्यंतची दहा टक्के गळती धरू. ७/४१ वर चाकापाशी सुमारे २,९५० किलोंची ओढ मिळते, टनामागे १६० किलो. वाटेला दीडशे लागत असतील तर हाती उरतात फक्त दहा. एवढ्याशा शिलकीवर गाडी उचलायची तर क्लच घसरवत ठेवावा लागतो, आणि क्लच-प्लेट जळते ती इथेच. ६/४१ वर ओढ ३,४४० किलोंपर्यंत जाते, टनामागे १८६. शिल्लक दहावरून छत्तिसावर येते. एकूण ओढ सहाव्या हिश्शाने वाढली, पण गाडी सुखाने उचलण्यासाठी लागणारी शिल्लक साडेतीनपट झाली. सरासरीचा विचार करणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

यावर पहिला आक्षेप डिझेलचा, आणि तो खरा आहे. १०.००-२० च्या टायरची एक फेरी साधारण ३.२ मीटरची धरली, तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सव्वातीनशेच्या थोडे आत फिरते. टॉप गिअर सरळ असेल तर ७/४१ वर इंजिन सुमारे १,८३० फेऱ्या करते, ६/४१ वर २,१३०. दिवसभर महामार्गावर धावणाऱ्या गाडीला या तीनशे जादा फेऱ्या परवडत नाहीत. सुरत ते नागपूर डांबरावरच राहणाऱ्या ट्रेलरला सात दातांचा पिनियन, किंवा त्याहूनही जलद ॲक्सल, योग्यच. कारण त्याच्या प्रवासातले सर्वांत वाईट शंभर मीटरही बरे असतात. ज्याला शेतवाट आणि महामार्ग दोन्ही गाठायचे आहेत त्याने काटकसर ॲक्सलमध्ये शोधू नये, गिअरबॉक्समध्ये शोधावी. टॉप गिअर ०.८ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर ६.८३ चा ॲक्सल सडकेवर साडेपाचाच्या आसपास वागतो आणि पहिल्या गिअरमधली पूर्ण ओढ तशीच हातात राहते.

दुसरा आक्षेप असा की पहिला गिअरच अधिक खालचा द्यावा, ॲक्सलला हात कशाला लावायचा? उभी गाडी उचलण्यापुरते ते पुरे. पण चढावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात ओढायची असते, आणि पहिला फार खाली नेला की त्याच्या आणि दुसऱ्याच्या मधली दरी वाढते. गिअर टाकेपर्यंत गाडीचा वेग मरतो आणि पुन्हा पहिल्यावर यावे लागते. ॲक्सल बदलला की सगळे गिअर एकाच प्रमाणात खाली येतात. उतारावर इंजिनाने गाडी धरण्याची ताकदही त्याच प्रमाणात वाढते. मात्र तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. ब्रेक नसलेली भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते तेव्हा कुठलाही पिनियन तिला थोपवू शकत नाही, आणि अशा ट्रॉल्या सर्रास चालू देणे मला अक्षम्य वाटते.

तिसरा आक्षेप कारागिराचा आहे आणि तो सर्वांत वजनदार. ओढ वाढवायला पिनियनचे दाते कमी केले की पिनियन लहान होतो आणि सगळा भार मोजक्या दातांवर येतो. म्हणून दाते हवे तेवढे कमी करता येत नाहीत. ट्रॅक्टरने ही अडचण वेगळ्या जागी सोडवली. त्याच्यात क्राउन-पिनियननंतर चाकाकडे आणखी एकदा वेग उतरवलेला असतो, त्यामुळे मोठे टॉर्क अगदी शेवटी तयार होते आणि आधीचे गिअर व शाफ्ट हलके राहतात. जड टिपरचे हब-रिडक्शन याच विचाराचे. शिवाय पकडीची मर्यादा आहेच. मागच्या ॲक्सलवर ११.५ टन आणि चिखलातली पकड ०.३ धरली, तर ३,४५० किलोंच्या पुढे चाक जागीच फिरू लागते. वरच्या उदाहरणातला ६/४१ त्या कडेवर येऊन थांबतो. त्यापुढे आणखी खालचा ॲक्सल घेऊन काही मिळत नाही, तिथे टायरची नक्षी आणि चाकावरचे वजनच कामाला येते. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर पडतो आणि मागची चाके दाबली जातात, ते याच कारणाने चिखलात उपयोगी पडते.

हे ११.५ टन २०१८ सालचे. त्या वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने चार टायरच्या एका ॲक्सलवरची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर नेली आणि दोन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले, म्हणजे १४ टक्क्यांची वाढ. सात दातांवरून सहावर आल्याने मिळणारी जादा ओढ १७ टक्के. जुन्या वजनाला जेमतेम पुरणारी जोडी नव्या वजनाला तोकडी पडते, आणि तो तोकडेपणा क्लच-प्लेटच्या खर्चात दिसू लागतो. टायर मोठे घातले तरी तेच होते. टायरचा घेर दहा टक्क्यांनी वाढला की ६.८३ चा ॲक्सल ६.२ सारखा वागतो आणि पैसे मोजून घेतलेली बरीचशी ओढ परत जाते.

जुन्या गाडीचे गुणोत्तर कागदावर सापडत नसेल तर ते मोजता येते. गाडी सपाट जागी घ्यावी, पुढच्या चाकांना पक्क्या उटी लावाव्यात, मागचा ॲक्सल भक्कम घोड्यांवर टेकवून दोन्ही बाजूंची चाके अधांतरी ठेवावीत आणि गिअर न्यूट्रलला आणावा. शाफ्टवर आणि चाकावर खडूने खूण करून दोन्ही बाजू बरोबरच एक फेरी फिरवाव्यात आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. एकच बाजू फिरवली आणि दुसरी धरून ठेवली तर डिफरन्शियल निम्मी गती खाऊन टाकते, तेव्हा त्या चाकाच्या दोन फेऱ्या धराव्या लागतात. शाफ्ट सहा फेऱ्यांच्या किंचित आत थांबला तर पिनियनला सात दाते आहेत, आणि सातव्या फेरीला थोडे कमी पडले तर सहा.