अर्धशक्तीची दौड

व्यायामाचा उपदेश न करणारा वैद्य सापडणे कठीण, आणि तो नित्य आचरणारा वैद्य सापडणे त्याहून कठीण. सकाळी दहा ते दोन व सायंकाळी पाच ते नऊ या वेळेत चिकित्सालयात बसून राहण्याची जी सिद्धी आपल्या व्यवसायाला लाभली आहे, ती योग्यांनाही हेवा वाटावा अशी आहे. औषधालयाच्या गल्ल्यामागे बसणाऱ्या बंधूंची स्थिती याहून निराळी नाही. प्रमेहाच्या हेतूंत चरकाचार्यांनी आस्यासुखाचा उल्लेख सर्वप्रथम केला आहे, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नकोच.

नांदेडमधील आम्ही चार वैद्य, दोन औषधविक्रेते, एक निवृत्त शिक्षिका आणि बँकेतील काही मंडळी असे मिळून पहाटे गोदावरीच्या घाटाकडील रस्त्याने धावू लागलो. 2008 साली गुरुता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त शहरातील रस्ते रुंद झाले, त्याचा लाभ आमच्यासारख्यांना असा मिळाला. समूहाने धावणे या नगरीला नवे नाही. होळी व दसऱ्याला सचखंड गुरुद्वाऱ्यातून निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत अरदास झाल्यावर जयघोष करीत हजारो भाविक एकदम धावत सुटतात. ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एकट्याचे धावणे आणि समूहाचे धावणे यांतील अंतर शब्दांनी समजावून द्यावे लागत नाही.

आमच्या समूहाने पहिल्याच आठवड्यात एक नियम केला : सर्वांत मागे जो असेल त्याच्या गतीने सर्वांनी धावायचे. नियम सौजन्यापोटी झाला होता, परंतु पुढे त्यात शास्त्र आढळले. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी पुरुषालाही शीतकाळी आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, इतर ऋतूंत त्याहूनही अल्प. ही अर्धशक्ती ओळखावी कशी, याचे उत्तर सुश्रुताचार्य देतात : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला की मर्यादा झाली. आजचे क्रीडावैद्यकही धावताना सहज बोलता येते की नाही, ही सोपी कसोटी वापरते. एकट्याने धावणारा बोलणार कोणाशी? समूहात मात्र गप्पा चालू असतात आणि एखादा गप्प झाला की शेजाऱ्याच्या ते तात्काळ ध्यानात येते. नाडी न पाहता मिळणारे असे निदान आम्हांस अन्यत्र क्वचितच लाभले आहे.

मार्गशीर्षात लातूरच्या दहा किलोमीटरच्या दौडीत आम्ही सारे उतरलो. हेमंत ऋतू, अग्नी प्रबल, आकाश निरभ्र. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गंजगोलाईला एरवी पाय ठेवावयास जागा नसते. त्या पहाटे दुकानांच्या फळ्या बंद होत्या आणि चहाच्या एका टपरीवर तेवढा स्टोव्ह पेटला होता. दोन्ही बाजूंनी तरुण मंडळी आम्हांला ओलांडून जात होती. त्यांच्या मागे धावण्याचा मोह आमच्यातील एका औषधविक्रेत्या बंधूंना अनावर झाला व ते पुढे गेले. सातव्या किलोमीटरला ते रस्त्याकडेला पोटरी धरून बसलेले आढळले. वय बावन्न, मधुमेह सहा वर्षांचा. कोणी वेदनाशामक गोळी पुढे केली, ती आम्ही घेऊ दिली नाही. शिक्षिकाबाईंनी त्यांची पोटरी हलक्या हाताने चोळली, एका वैद्यबंधूंनी खडीसाखर तोंडात घातली आणि दहा मिनिटांनी सर्वजण त्यांच्यासह चालत निघाले. उरलेले तीन किलोमीटर चालण्यातच गेले. आमच्यामागे त्या वेळी फक्त रुग्णवाहिका होती. तिच्या चालकाने खिडकीतून मान बाहेर काढून, 'घाई नाही, चालू द्या निवांत', असे सांगितले तेव्हा आमचे बंधू वेदना विसरून इतके हसले की पुन्हा थांबावे लागले.

वेळेचे फलक लागले तेव्हा आमची नावे शेवटी होती. तरीही परतताना मोटारीत जो उल्हास होता, त्याचे कारण शोधता चरकसंहितेतील व्यायामाच्या व्याख्येकडे लक्ष गेले. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील त्या व्याख्येचा संधी सोडविला असता 'इष्ट' हा शब्द हाती येतो. जी मनाला हवीशी वाटते तीच शरीरचेष्टा व्यायाम. हमालाचे ओझे वाहणे किंवा पोटासाठीची वणवण हा व्यायाम नव्हे, असा त्यातून अर्थ निघतो. म्हणजे आनंद हा व्यायामाचे फळ होण्याआधी त्याच्या लक्षणातच आहे. पदवीच्या परीक्षेसाठी आपण ही व्याख्या पाठ केली, परंतु त्या एका शब्दावर किती जण थांबले असतील?

अत्याचरण करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, हा इशाराही त्याच अध्यायात आहे. खेळाडूंची गोष्ट वेगळी. आपल्याच मराठवाड्यातील, बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी 2020 साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण केली, 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यामागे वर्षानुवर्षांची तपश्चर्या आहे. दोन महिन्यांच्या सरावावर तशी ईर्ष्या धरणारे रुग्ण हल्ली आपल्याकडे गुडघे धरून येतात. औषधविक्रेत्या बंधूंना विशेष विनंती : दौडीच्या आदल्या दिवशी वेदनाशामक गोळ्या मागणाऱ्यास त्या देऊ नयेत. दीर्घ श्रम, जलक्षय आणि ही औषधे एकत्र आल्यास वृक्कांना अपाय होतो. तहानेपेक्षा अधिक पाणी पिणेही अहितकर. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण कमी आढळले होते. त्यापेक्षा कोमट तीळतेलाची बाटली द्यावी. व्यायामोत्तर सुखकर मर्दन वाग्भटांनी सांगितलेलेच आहे, आणि गल्ल्यालाही त्यात फारसा तोटा नाही.

पोटरीवाले बंधू आता समूहाच्या मागे राहतात आणि गप्पांची सूत्रे त्यांच्याच हाती असतात. फाल्गुनापर्यंत आठ किलोमीटर, चैत्रात चार, आणि वैशाख-ज्येष्ठात धावणे बंद, असे ठरले आहे. नांदेडच्या उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी घाटावर नुसते फिरून यायचे व येताना कोणाच्या तरी घरी कोकमाचे सरबत घ्यायचे. पहिली पाळी शिक्षिकाबाईंची आहे.