गुरुवारचा नकाशा आणि बियासीचं पाणी

जुलैतली सकाळ. साडेआठला पाच मिनिटं कमी असताना छत्तीसगडमधल्या दुर्गच्या वेधशाळेतला निरीक्षक काचेचं मापपात्र घेऊन पर्जन्यमापकापाशी येतो. नरसाळं काढायचं, आतली बाटली उचलायची, पाणी मापपात्रात ओतायचं आणि डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा. काचेलगत पाणी जरासं वर चढलेलं असतं. वाचायची ती मधली, खोलगट रेघ. मापकाचं तोंड 200 चौरस सेंटीमीटरचं असेल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बाटलीत जेमतेम 20 मिलिलिटर, चहाचे चार चमचे. 2.5 मिलिमीटर भरले तरच तो दिवस ‘पावसाचा’ म्हणून नोंदला जातो. त्याहून कमी पडला तर छत्री भिजली असेल, पण कागदावर दिवस कोरडाच.

असे आकडे ठिकठिकाणाहून रायपूरच्या हवामान केंद्रात जमतात. हे केंद्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अखत्यारीत येतं, आणि दर गुरुवारी निघणाऱ्या पुढच्या दोन आठवड्यांच्या अंदाजामागे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं मोठं काम आहे. म्हणजे दुर्गला लागून असलेल्या भिलाईच्या आभाळाचा हिशेब बराचसा मराठी मुलखातून होतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी घरांना याचं कोण कौतुक!

हा गुरुवारचा अंदाज रोजच्या अंदाजापेक्षा वेगळ्या जातीचा. ‘उद्या दुपारी पाऊस’ असं तो सांगत नाही, सांगूही शकत नाही. संगणकावर थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातीपासून तेच गणित पुन्हा पुन्हा चालवतात आणि बहुतेक उत्तरं कुठे झुकतात ते पाहतात. मग नकाशावर रंग भरतात: हा आठवडा सरासरीहून ओला, तो कोरडा. पहिल्या आठवड्यावर बराच भरवसा टाकता येतो, दुसऱ्यावर बेताचा.

रोजच्या पत्रकात मात्र शब्दांची गंमत असते. ‘एक-दो स्थानों पर वर्षा’ वाचून पानठेल्यावर हशा पिकतो: एक-दोन ठिकाणी तर कुठेही पडेलच की! पण ते मोघम बोलणं नव्हे, ते माप आहे. त्या भागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘एक-दो’, निम्म्यापर्यंत ‘कुछ’, तीन चतुर्थांशापर्यंत ‘अनेक’ आणि त्याही पुढे ‘अधिकांश’. ‘भारी’ म्हणजे चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा अधिक, 115.6 पासून ‘अति भारी’. ही शिडी माहीत नसलेला माणूस अंदाज चुकला म्हणतो. चूक पुष्कळदा वाचणाऱ्याची असते, हे स्पष्ट म्हणायला हवं.

भिलाईच्या चिमण्या मागे पडल्या की धानाची खाचरं लागतात, आणि गुरुवारच्या अंदाजाची खरी किंमत कळते ती तिथे. छत्तीसगडच्या शेतीत बियासी नावाची एक रीत आहे. धान आधी विस्कटून पेरतात. रोपं महिना-सव्वा महिन्याची झाली की खाचरात वीतभर पाणी साचलेलं असताना उभ्या पिकातूनच नांगर फिरवतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो; पीक मोडतोय की काय हा! पण त्याने तण गाडलं जातं, दाटी विरळ होते, रोपाला नवे फुटवे येतात. मग ‘चलाई’: उपटलेली रोपं रिकाम्या जागी लावायची. सगळं अडतं पाण्यावर. नेमक्या त्याच आठवड्यात पावसाने दडी मारली तर बियासी लांबते, तण माजतं, आणि ‘करगा’ हा रानधान खऱ्या धानात बेमालूम मिसळून जातो. बियासीला तारीख नाही, आठवडा लागतो. गुरुवारचा नकाशाही आठवड्याचीच भाषा बोलतो. रायपूरच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी सल्ला त्याच भाषेत सांगतो, की बांध नीट करा, पाणी अडवा, किंवा युरिया आत्ता टाकू नका, वाहून जाईल.

पोलाद कारखान्यालाही पाऊस लागतो, पण वेगळ्या तऱ्हेने. त्याचं पाणी तांदुला, खरखरा, गंगरेल या धरणांवर अवलंबून. कालव्याने येऊन ते मरोदाच्या तलावात साठतं. तिथे एका आठवड्याने काही बिघडत नाही, सगळ्या मोसमाची बेरीज पाहावी लागते.

आता थोडं दूर. मॉरिशसच्या आसपास, दक्षिण हिंदी महासागरात जो उच्च दाबाचा पट्टा असतो, त्याला तिथल्या बेटांवरून मॅस्करिन म्हणतात. आपल्या मोसमी वाऱ्यांचा उगम तिकडचा. मॉरिशसमध्येही मराठी घरं आहेत, त्यांचंही हवामान खातं आहे. पण त्यांची काळजी चक्रीवादळाची, इशाऱ्यांच्या पायऱ्या चार. भिलाई किनाऱ्यापासून चार-पाचशे किलोमीटर आत. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा ओडिशा ओलांडून इथे येतो तो वादळ म्हणून क्वचितच, दोन-तीन दिवसांची झड म्हणूनच बहुधा.

टाउनशिपच्या सेक्टरमधल्या एखाद्या मराठी स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असते, आणि तिच्यात नक्षत्राचं वाहन: बेडूक, म्हैस, हत्ती. आजी ते पाहते, नातू फोनवर हवामानाचं ‘मेघदूत’ अ‍ॅप उघडतो. वाहनाला शास्त्राचा आधार नाही, हे खरंच. तरी मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रं तेरा-चौदा दिवसांची, म्हणजे गुरुवारच्या अंदाजाएवढीच. शेतकऱ्याला किती पुढचं कळलं म्हणजे पुरतं, हे जुन्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

मापपात्र रिकामं करून निरीक्षक बाटली जागेवर ठेवतो, नरसाळं घट्ट बसवतो, वहीत आकडा लिहितो. हवामान खात्याचा पावसाचा आठवडा गुरुवार ते बुधवार. मात्र सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी त्याच दिवसाच्या नावावर चढतं. त्यामुळे बुधवारी दुपारी भिलाईवर कोसळलेली सर गुरुवारच्या रकान्यात, नव्या आठवड्याच्या खात्यात जमा होते.