पुण्यानुमोदन : शब्द आणि आशय

परभणी, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड या परिसरात बौद्ध कुटुंबात कोणाचे निधन झाले असता जी पत्रिका निघते, तिच्यावर बहुधा 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' असे छापलेले असते. त्यामुळे पुण्यानुमोदन म्हणजे मृत्यूनंतरचा एक विधी, असा समज रूढ झाला आहे. दुसरीकडे सभेच्या इतिवृत्तात सूचकापाठोपाठ 'अनुमोदक' येतो. तेथे अनुमोदन म्हणजे केवळ संमती. या दोन्ही ठिकाणी शब्दातील मूळ आनंद लोपला आहे.

'मुद्' म्हणजे आनंदित होणे. 'मुदिता' हा शब्दही याच धातूपासून सिद्ध होतो. त्यास 'अनु' हा उपसर्ग लागला की दुसऱ्याच्या सत्कृत्यामागोमाग आपल्या चित्तात उमटणारा आनंद, असा अर्थ होतो. मुदिता सर्व प्राण्यांच्या सुखाविषयी असते. अनुमोदना विशिष्ट कृत्याविषयी असते.

चुल्लवग्गात या शब्दाचा एक व्यावहारिक अर्थ आढळतो. भिक्खू भोजनानंतर काहीच न बोलता निघून जात, म्हणून लोक नाराज झाले. तेव्हा भगवंतांनी भोजनोत्तर अनुमोदनेची अनुज्ञा दिली व ते काम स्थविर भिक्खूकडे सोपविले. अंगुत्तरनिकायातील कालदानसुत्त याहून पुढे जाते. जे दानाचे अनुमोदन करतात किंवा त्यासाठी श्रम करतात, तेही पुण्याचे भागीदार होतात आणि दात्याचे पुण्य त्यामुळे उणे होत नाही, असे तेथे सांगितले आहे.

धम्मपद-अट्ठकथेत अन्नभार नावाच्या गरीब मजुराची कथा आहे. त्याने प्रत्येकबुद्धांना दिलेल्या भोजनाचे पुण्य सुमन श्रेष्ठी विकत मागतो. अन्नभार ते विकत नाही. मात्र एका दिव्यावरून दुसरा दिवा लावल्याने पहिल्याचा प्रकाश घटत नाही, हे प्रत्येकबुद्धांकडून समजल्यावर तो श्रेष्ठीला आनंदाने वाटेकरी करून घेतो. येथे देणारा मजूर आहे व अनुमोदक धनवान आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अट्ठकथाकार या दोन क्रियांना वेगळी नावे देतात. आपले पुण्य इतरांना देणे हे पत्तिदान. ते प्रसन्न चित्ताने स्वीकारणे हे अनुमोदन. दहा पुण्यक्रियांत दोहोंची गणना होते. म्हणजे पत्रिकेतील कार्यक्रमात कुटुंबीय दान देतात. अनुमोदनाचे काम मात्र समोर बसलेल्या प्रत्येकाचे असते.

विहाराच्या फलकावर देणगीदारांची नावे लागतात. ज्याच्याजवळ देण्यास काही नाही, त्याचे नाव तेथे नसते. अनुमोदना त्यालाही पुण्याचा वाटेकरी करते. तिची अट एकच : शेजाऱ्याचे नाव वाचताना मनात मत्सर नसावा. तीन वेळा 'साधु' म्हणणे सोपे आहे; ती अट पाळणे हीच खरी साधना होय.