यंत्राआधीची गाळणी, यंत्रानंतरची गाळणी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर मोजायला मोजपट्टी लागत नाही. ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले?’ एवढे विचारले, की अंदाज येतो. त्याच दिवसांत पावसाचे आणखी एक माप आपल्या स्वयंपाकघरात टांगलेले असते. पण तिकडे फारसे कुणी पाहत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राशेजारी भिंतीवर एक पारदर्शक डबा असतो. त्यातली पांढरीशुभ्र गाळणी पावसाळ्यात बघता बघता चहाच्या रंगाची होते. आज या गाळणीविषयी आणि तिच्या पुढच्या-मागच्या भावंडांविषयी बोलायचे आहे.

विषय सुचला तो एका आजारपणामुळे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला ताप आला, तो टायफॉइडचा निघाला. डॉक्टरांनी विचारले, ‘पाणी कोणते पिता?’ बहीण ठामपणे म्हणाली, ‘आमच्याकडे आरओ आहे.’ घरी गेल्यावर मी यंत्र उघडून पाहिले. बाहेरची गाळणी चिखलाने माखलेली, आतल्या कार्बनच्या नळ्या दोन वर्षे बदललेल्या नव्हत्या, आणि साठवणीच्या टाकीला आतून बोट लावले तर बुळबुळीत. बहीण म्हणाली, ‘अरे दादा, पण दिवा तर रोज हिरवाच लागतो!’ भाचीला आजार याच पाण्यातून झाला, असे मी म्हणणार नाही. बाहेरच्या पाणीपुरीनेही तो होऊ शकतो. पण त्या घरातला माणूस दोन वर्षे केवळ हिरव्या दिव्याच्या भरवशावर पाणी पीत होता, हे मात्र खरे. दिवा यंत्राला वीज मिळते आहे एवढेच सांगतो. गाळणी कोणत्या अवस्थेत आहे, हे तो बहुतेक वेळा सांगत नाही.

आता मुळाशी जाऊ. पाणी गाळण्याचा पहिला नियम आपल्या आजीलाही ठाऊक होता: आधी जाड, मग बारीक. पीठ चाळतानाही आपण तेच करतो. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रातही हाच नियम चालतो, आणि त्याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. जे. एन. कर्डिले या अभियंत्यांनी लहान गावांना परवडतील अशी साधी शुद्धीकरण केंद्रे उभी करण्याचा ध्यास घेतला होता. नागपूरजवळचे रामटेक, भुसावळजवळचे वरणगाव आणि निफाड तालुक्यातले चांदोरी ही त्यांच्या कामाची गावे. त्यांनी वाळूच्या थरावर नारळाच्या करवंटीचे बारीक तुकडे पसरले. करवंटी हलकी आणि जाड, म्हणून ती धुतल्यानंतरही वरच राहते. वाळू जड आणि बारीक, ती खाली बसते. मोठी घाण वर करवंटीत अडकते, बारीक घाण खाली वाळूत. त्यामुळे वाळू लवकर तुंबत नाही. वरचा थर खालच्या थराचे रक्षण करतो. घरातल्या यंत्राआधीची गाळणी नेमके हेच काम करते.

घरातल्या आरओ यंत्राचे काळीज म्हणजे त्यातले पातळ पटल, ज्याला दुकानदार मेम्ब्रेन म्हणतात. त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म, की पाण्यात विरघळलेले क्षारही त्यातून सहसा पलीकडे जात नाहीत. इतक्या नाजूक वस्तूवर नळाचे पाणी थेट सोडले तर दोन गोष्टी तिचा घात करतात. एक गाळ, दुसरे क्लोरीन. गाळ तिला बुजवतो आणि क्लोरीन तिचा थर कुरतडतो. म्हणून तिच्या आधी दोन पहारेकरी हवेत. पहिला, सुताची गुंडाळी असावी तसा दिसणारा पांढरा फिल्टर. बाजारात तो बहुधा पाच मायक्रॉनचा मिळतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दुसरा पहारेकरी कार्बनचा. हा कार्बन पुष्कळदा नारळाच्या करवंटीचाच कोळसा असतो, खास प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला. तो क्लोरीन आणि वास शोषून घेतो.

या दोघांचा क्रम उलटा करू नका. कार्बन आधी बसवला तर त्याची सूक्ष्म छिद्रे गाळाने भरतात आणि क्लोरीन अडवायला कुणी उरत नाही. आणि एक गैरसमजही काढून टाका. पाच मायक्रॉनची गाळणी गाळ अडवते, जंतू नव्हे. टायफॉइडचा जंतू तिच्यातून आरामात पलीकडे जातो. प्रत्येक गाळणी आपापलेच काम करते. नारू या रोगाची आठवण ज्येष्ठांना असेल. तो ज्या पाणपिसवांमधून पसरायचा, ते साध्या फडक्यात अडकतात. पाणी वस्त्रगाळ करून पिण्याची सवय लावणे हा त्या मोहिमेचा मोठा आधार होता, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. पण तेच फडके कावीळ किंवा टायफॉइड अडवू शकत नाही.

आता यंत्राच्या पुढे जाऊ. पटलातून निघालेले पाणी सात-आठ लिटरच्या टाकीत साठते. टाकीचा, नळ्यांचा थोडा वास त्याला लागतो. तो घालवून चव सुधारण्यासाठी शेवटी आणखी एक कार्बनची नळी असते, तिला पोस्ट कार्बन म्हणतात. यंत्राआधीची गाळणी यंत्राला जपते, यंत्रानंतरची गाळणी जिभेला जपते. पण इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते ते जंतूंना वाढू न देण्यासाठी. आपण ते पहिल्या कार्बनमध्येच काढून टाकले. म्हणजे पुढचे पाणी शुद्ध असले तरी निःशस्त्र आहे. महिनोन्‌महिने न बदललेला ओला कार्बन जंतूंना घर करून राहायला उत्तम जागा ठरतो. आणि शेवटच्या गाळणीच्या पलीकडे पहारा नसतो, थेट पेला असतो. म्हणून माझे सांगणे असे, की बाहेरची गाळणी चार दिवस उशिरा बदलली तर नुकसान खिशाचे होते. शेवटची बदलायची विसरलात तर ते प्रकृतीवर बेतू शकते. अतिनील किरणांचा दिवा, म्हणजे यूव्ही, शक्य असेल तर या टप्प्याच्याही नंतर असावा. मात्र पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणाआड जंतू लपतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे यूव्हीलाही आधीची गाळणी लागतेच.

बसवताना काही साध्या गोष्टी पाहा. डब्यावर बाण असतो, पाणी त्याच दिशेने गेले पाहिजे. डब्याच्या आधी एक बंद करायचा कॉक हवाच, नाही तर गाळणी बदलताना स्वयंपाकघरात पूर येईल. पारदर्शक डबा उन्हात टांगू नका, आत शेवाळ धरते. नवा कार्बन बसवल्यावर सुरुवातीचे काळपट पाणी सोडून द्या आणि पहिली भरलेली टाकीही ओतून टाका. घराच्या सगळ्या नळांसाठी मीठ लागणारे सॉफ्टनर बसवणार असाल, तर त्याच्याही आधी गाळणी बसवा. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पाण्याला दाब कमी असतो. तिथे सगळ्या घराच्या नळावर बारीक गाळण्यांची रांग लावली, तर आंघोळीला धार उरणार नाही.

मग बदलायची केव्हा? दुकानदार सहा महिने सांगतो, शेजारी वर्ष सांगतो. पण पावसाळ्यातले सहा महिने आणि उन्हाळ्यातले सहा महिने सारखे नसतात. माझी युक्ती सोपी आहे. नवी गाळणी बसवली त्या दिवशी यंत्राला जोडलेली नळी क्षणभर सोडा आणि गाळणीतून येणाऱ्या पाण्याने एक लिटरचा तांब्या किती सेकंदांत भरतो ते मोजा. आकडा कालनिर्णयवर लिहून ठेवा. दर महिन्याला पुन्हा मोजा. वेळ दुप्पट झाली, की गाळणी बदला. कार्बनचे मात्र तसे नाही. तो न तुंबताही निकामी होतो, म्हणून त्याला तारीखच पाळावी लागते. गाळणी बदलाल तेव्हा टाकीही धुवा. आणि दिवाळीला गावी जाऊन आलात, तर टाकीत राहिलेले पाणी झाडांना घाला.

शेवटी सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न. आपल्याला यंत्र कोणते हवे? नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचे पाणी येते, त्याच्या जोडीला दारणा आणि मुकणेचे. धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. आपल्या काळ्या कातळातल्या बोअरचे पाणी मात्र बरेचदा जड असते, आणि अनेक सोसायट्यांत दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळते. भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असतील तर ते पाणी पिण्यास योग्य. त्याहून कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला सांगितले होते, कारण हे यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर वाया घालवते. पाणी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घेता येते. पुष्कळ घरांना गाळणी, कार्बन आणि यूव्ही एवढेच पुरेल. आणि ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांनी पाणी वस्त्रगाळ करून खळखळून उकळावे. जंतूंच्या बाबतीत ते कुठल्याही यंत्राला हार जाणार नाही.

भाची आता बरी आहे. बहिणीच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता तांब्याचे सेकंद लिहिलेले असतात. हिरवा दिवा अजूनही लागतो, पण आता ती त्याच्या भरवशावर राहत नाही.