गळ्यातला भाता

आमच्या गावात एक सून होती. दोन्ही वेळा पोटभर जेवायची, तरी दिवसेंदिवस वाळत चालली. ऐन थंडीत तिला घाम यायचा. छातीत धडधडायचे. पाणी देताना हातातला तांब्या थरथरायचा. रात्री झोप नसे. डोळे मोठे दिसू लागले. उगाच चिडायची. लोक म्हणाले, "हिला बाहेरचे झाले." अंगारे झाले, कोंबडे कापले. गुण काही आला नाही. शेवटी भावाने तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासले. दोष गळ्यातल्या ग्रंथीचा निघाला.

या ग्रंथीला थायरॉईड म्हणतात. ती कंठमण्याच्या खाली असते. आकार फुलपाखरासारखा. अन्नातले व मिठातले आयोडीन घेऊन ती एक रस तयार करते. तो रक्तात मिसळतो. शरीराचे काम किती वेगाने चालावे, हे तो रस ठरवतो.

लोहाराचा भाता पाहा. बेताने चालवला तर लोखंड नीट तापते. जोराने चालवला तर कोळसा भराभर जळून जातो. ग्रंथीने रस जास्त केला की शरीराचे तसेच होते. खाल्लेले अंगी लागत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते. या रोगात ती पुष्कळदा १०० च्या वर जाते. उपचार केले नाहीत तर हृदय थकते, हाडे ठिसूळ होतात.

आयर्लंडमधल्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज या डॉक्टरांनी १८३५ साली या रोगाचे वर्णन लिहिले. म्हणून त्याच्या एका नेहमीच्या प्रकाराला ग्रेव्ह्जचा रोग म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांना तो जास्त होतो.

यावर औषध आहे. गोळ्या बहुधा वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात. काहींना शस्त्रक्रिया किंवा दुसरे उपचार लागतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नका. गोळ्या चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दिवस गेले असतील तर तेही आधी सांगा. बिडी सोडा, तिने डोळ्यांचा त्रास वाढतो.

ती सून आज धडधाकट आहे. तिला ना भूत लागले होते, ना ती स्वभावाने वाईट होती. ती आजारी होती, एवढेच. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर बोल लावू नका. दवाखान्यात न्या.