न छापलेल्या नाटकांची नोंदवही

भाऊबीज उलटली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, दिवसा आखरावर दंडार नाहीतर खडी गंमत यांसारखं लोकनाट्य रंगतं आणि रात्री नाटक असतं. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरू लागले की तिथंही नाटक हवंच. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीकडची मंडळं नाटक ठरवायला वडशाला जातात. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्यांची ही पेठ गडचिरोली जिल्ह्यात असली, तरी गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेवर अर्जुनी ओलांडली की लगेच येते. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. रात्री घरी परतायला गाडी नसते, त्यामुळे पाहुण्यांनाही ते सोयीचंच.

ही रंगभूमी संगीताची आहे. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणारे प्रत्यक्ष हजर असतात, नट-नट्या स्वतः गातात आणि गाणं पसंत पडलं तर वन्स मोअर घेतल्याशिवाय लोक पुढं जाऊ देत नाहीत. मात्र ‘मराठी संगीत नाटकांची यादी करा’ म्हटलं, की आपण ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झालेल्या किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून निघतो आणि ‘सौभद्र’, ‘मानापमान’ करत ‘कट्यार’पाशी येतो. वडशाचं नाटक त्या यादीत येत नाही.

याचं कारण साधं आहे. आपल्याकडची सूची पुस्तकावरून तयार होते. शंकर गणेश दाते यांनी निव्वळ ध्यासापोटी ‘मराठी ग्रंथसूची’ रचली. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० असे तिचे दोन खंड झाले. जुन्या संगीत नाटकाच्या अभ्यासकाला नाटकाचं छापील पुस्तक मिळालं की निम्मं काम झालं. प्रत्येक पदावर राग, ताल आणि कोणत्या गाण्याची चाल घेतली तेही छापलेलं सापडतं. झाडीपट्टीचं नाटक सहसा छापलं जात नाही. संहिता हस्तलिखित असते आणि ती कंपनीच्या ट्रंकेत, नाहीतर प्रॉम्प्टरच्या हातात राहते. ग्रंथालयात ती पोचणार कशी?

त्यामुळे झाडीपट्टीच्या नाटकांची नोंद ठेवण्याचा नाद लागलेल्या माणसाला सुरुवात करावी लागते पाम्पलेटपासून. ते जपून ठेवावं अशा कागदावर नसतंच. वर मंडळाचं नाव, खाली ‘मंडईनिमित्त’ किंवा ‘शंकरपटानिमित्त’, मग ठळक अक्षरांत नाटकाचं नाव, कलावंतांचे फोटो, लेखक-दिग्दर्शक आणि तळाशी साथीदार. माझ्या वहीतले रकानेही त्याच क्रमानं आखले आहेत. फक्त एक रकाना वारंवार कोरा राहतो, तो सालाचा. वार असतो, तारीख असते. साल घालायची गरज छापणाऱ्याला वाटलेली नसते. त्याला येत्या शनिवारची गर्दी हवी असते.

मग साल शोधायचं. समजा, पत्रकावर ‘शनिवार, १५ जानेवारी’ आहे. अलीकडच्या काळात हा योग १९९४, २००० आणि २००५ मध्ये आला, नंतर २०११ आणि २०२२ मध्ये. अर्जुनी मोरगावपुढे ‘जि. भंडारा’ असेल तर १९९४ कडे बोट जातं, कारण गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. मोबाइल नंबर असेल तर पहिली दोन सालं बाद. ‘शंकरपटानिमित्त’ हा शब्दही पुरावा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळातल्या पत्रकावर तो शब्द दिसला, तर साल पुन्हा तपासायला हवं.

एवढा खटाटोप कशासाठी? परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या ५,००० हून अधिक प्रयोगांचा आणि ८०० भूमिकांचा उल्लेख झाला. आकडा सगळ्यांना कळला. पण त्या भूमिका कोणत्या नाटकांतल्या, ती कोणी लिहिली, गाणी कोणाची, ऑर्गनवर कोण होतं, हे गावोगावचे कागद जुळवल्याशिवाय सांगता येणार नाही. नटाचा गौरव झाला तरी वादक आणि लेखक पत्रकाच्या तळाशीच राहतात. संहिता एका कंपनीतून दुसरीकडे जाताना नाव बदलून गेली, तर नुसत्या शीर्षकांची यादीही फसवी ठरते. म्हणून मी शीर्षकासोबत पात्रांची नावं आणि गाण्यांचे मुखडे टिपतो. नाव बदललं तरी मुखड्यावरून नाटक ओळखू येतं.

हे काम या भागाला परकं नाही. शेजारच्या साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार यांना अभ्यासाचा विषय केलं. लोकांच्या तोंडी असलेलं त्यांनी कागदावर आणलं आणि दंडारीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दंडारीच्या पुढचं नाटक मात्र रात्री रंगतं आणि सकाळी मंडप सुटला की विसरलं जातं.

ज्याला या कामाला हात घालायचा असेल, त्यानं नाट्यगृहं किंवा ग्रंथालयं न शोधता गावच्या मंडळाकडं जावं आणि जमाखर्चाची जुनी वही मागावी. कंपनीला दिलेला इसार, तिकिटांची जमा, मंडपाचं भाडं, सगळं तारीखवार लिहिलेलं असतं. नाटकाचं नाव हिशेबाच्या ओघात येऊन जातं, कधी चुकीचंही असतं. पण पैशाचा मामला असल्यानं पाम्पलेटवर नसलेलं साल तिथं सापडतं.